हीटर सारखा विझत होता, म्हणून त्याची सेफ्टीच काढून नेली

अंबाजोगाई तालुक्यातलं ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड. पिल्लं उतरवून दोन दिवस झालेले, रात्री कडाक्याची थंडी, आणि गॅसचा हीटर तासाभरात आपोआप विझायचा. पुन्हा पेटवला की पुन्हा तासाभराने तेच. मालकाने मोबाईलवर शोधून 'कंपनी सर्व्हिस'चा नंबर काढला. गाडीवरून एक जण आला, चाळीस मिनिटं खटपट केली आणि हीटर सुरू करून दिला. "मामा, ही सेफ्टी म्हणजे नुसता डोक्याला ताप. आता बघा कसा भडकायलाय." जाळ खरंच दुप्पट दिसत होता. बिल ४,१५० रुपये झालं: इम्पोर्टेड थर्मोकपल (ज्योत जळतेय का ते ओळखणारा भाग) १,८५०, व्हॉल्व्ह सर्व्हिस १,२००, जेट (गॅस सुटायच्या बारीक भोकाचा भाग) ४५०, हाय प्रेशर रेग्युलेटर ६५०.

दोन रात्रींत १९ किलोची टाकी संपली. ताडपत्रीच्या पडद्यावर काजळी धरली. शेडमध्ये झोपणाऱ्या गड्याचं आणि त्याच्या बायकोचं डोकं पहाटे ठणकायचं, बाहेर येऊन बसलं की उतरायचं. तेव्हा कुठे हीटर उघडून बघितला गेला.

थर्मोकपल जुनाच होता. टोक जळून काळं पडलेलं, नटावर जुन्या पान्याचे ओरखडे तसेच. बदलला नव्हताच, नुसता पॉलिश पेपरने घासलेला. तो जोडलेला दिसत होता, पण ज्याला जोडायचा ते व्हॉल्व्हमधलं मॅग्नेट आणि त्याची स्प्रिंग गायब होती. म्हणजे जाळ असो वा नसो, गॅसची वाट कायम उघडी. हीटर कलंडला तर गॅस तोडणाऱ्या स्विचच्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली. तिन्ही जेट ड्रिलने मोठे केलेले. भिंगाखाली भोकाची कड फाटलेली स्पष्ट दिसत होती. आणि या सगळ्यावर हाय प्रेशरचा रेग्युलेटर.

यात नुसते पैसे गेले नाहीत. चांगला हीटर जीवघेणा करून दिला आणि वर त्याची मजुरी घेतली.

मुळात बिघाड काय होता, ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक तिथेच सुरू होते. अशा हीटरमध्ये मोठ्या जाळाशेजारी एक लहान पायलट असतो. त्याची ज्योत थर्मोकपलच्या टोकाला चाटते. टोक तापलं की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते, आणि तेवढ्याच विजेवर व्हॉल्व्हमधलं मॅग्नेट गॅसची वाट उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली की टोक थंड होतं, मॅग्नेट सुटतं, गॅस बंद. खोलीत वापरायच्या बऱ्याच हीटरना याच पायलटमध्ये ऑक्सिजन ओळखण्याची सोय असते. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. बंद जागेत तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की पायलटची ज्योत टोकापासून दूर उचलली जाते आणि हीटर स्वतःच विझतो.

आता शेडकडे बघा. थंडी म्हणून चारही बाजूंनी पडदे खालपासून वरपर्यंत बांधलेले, वरून पोती टाकलेली. एक किलो गॅस जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. ती येणार कुठून? हीटर तासाभराने विझत होता म्हणजे 'इथे हवा संपली' असं तो सांगत होता. यंत्र बरोबर होतं, पडदे चुकीचे होते. दुरुस्तीवाल्याने सांगणाऱ्याचं तोंडच बंद केलं.

म्हणून कोणालाही बोलावण्याआधी एक काम करा. हीटर बाहेर आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी न्या आणि तासभर चालवा. बाहेर सलग चालला आणि आत विझला, तर हीटरला हात लावू नका, पडदे वरून वीतभर मोकळे करा. कोंबडीवाल्यांना ही गोष्ट दुसऱ्या अंगानेही पटेल: एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत येतं. रात्रभरात साडेतीन किलो गॅस म्हणजे पाचेक लिटर पाणी. बंद शेडमध्ये ते खाली अंथरलेल्या तुसात उतरतं, मग तूस ओलं, अमोनियाचा वास आणि पिल्लांचे डोळे चुरचुरणं.

बाहेरही विझत असेल तर बिघाड खरा आहे, पण बहुतेकदा तो स्वस्तातला असतो. तुसाची धूळ आणि कोळ्याची जाळी पायलटच्या हवेच्या भोकात अडकते. ज्योत निळी आणि टोकदार असायची ती पिवळी, मऊ, लोळणारी होते आणि थर्मोकपलला नीट चाटत नाही. टाकी बंद करायची, हीटर पूर्ण गार होऊ द्यायचा आणि सायकलच्या पंपाने त्या भोकातून हलकी हवा मारायची. बस. सुई, तार, पिन काहीही घालायचं नाही, भोक मोठं झालं की पायलट कायमचा बिघडतो. ऑक्सिजन ओळखणाऱ्या पायलटचं तर एकेक भाग सोडून दुरुस्त करणंच चूक आहे, तो आख्खा बदलतात.

थर्मोकपल गेला की नाही हे मल्टिमीटरवर पाच मिनिटांत कळतं. तो व्हॉल्व्हपासून सोडवून टोक पायलटसारख्या ज्योतीत मिनिटभर धरा, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. २० ते ३० दाखवलं तर चांगला आहे. १५ च्या खाली रेंगाळत असेल तर बदला. बसवताना नट हाताने पूर्ण आवळायचा आणि पान्याने फक्त पाव फेरा. जास्त पिळला तर नटाजवळचा इन्सुलेशनचा वॉशर चेपतो आणि नवा थर्मोकपल पहिल्याच दिवशी 'खराब' ठरतो. मग दुसऱ्याचे पैसे लागतात.

दुरुस्ती झाल्यावर, पैसे देण्याआधी, दुरुस्तीवाल्यासमोरच एक चाचणी घ्या. याला काही लागत नाही, फक्त कान. हीटर दहा मिनिटं चालवून घ्या. नॉब चालूच ठेवा आणि टाकीवरचा रेग्युलेटर बंद करा. नळीतला गॅस संपून जाळ विझेल. त्या क्षणापासून मोजायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हवर बोट टेकवून ठेवा. अर्ध्या-पाऊण मिनिटात, फार तर दीड मिनिटात, आतून 'टक्' असा आवाज यायला हवा. बोटालाही तो जाणवतो. मॅग्नेट सुटल्याचा हा आवाज. तो आलाच नाही तर सेफ्टी काढलेली किंवा अडकवून ठेवलेली आहे, मग वरून जाळ कितीही देखणा असो. चाचणी झाली की नॉब बंद करायला विसरू नका. दुसरी खूण पेटवतानाची: चांगल्या हीटरचा नॉब वीस-तीस सेकंद दाबून धरावा लागतो, तेव्हा तो पेटता राहतो. दुरुस्तीनंतर नॉब सोडल्या-सोडल्या जाळ टिकायला लागला आणि 'बघा, किती सोपं केलं' असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

जेट आणि रेग्युलेटरचा खेळ ओळखणं थोडं अवघड आहे, कारण मोठा जाळ बघून मन भरतं. जेटवर आकडा कोरलेला असतो. ५५ म्हणजे भोक ०.५५ मिलिमीटर. ते ०.७० केलं तर भोकाचं क्षेत्रफळ १.६ पट होतं, गॅसही जवळपास तेवढाच जास्त येतो, पण हवा ओढायची नळी तेवढीच राहते. वर हाय प्रेशर लावलं तर आणखी भर: दाब चौपट झाला की गॅस दुप्पट. हवा कमी पडली की जाळाची टोकं पिवळी होतात, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिरॅमिकच्या जाळ्या अशा तापात तडकतात, मग जाळ तड्यातून मागे शिरतो. शिवाय कमी दाबाची रबरी नळी जास्त दाबाने टोकावरून निसटू शकते. हीटरच्या मागच्या पट्टीवर दाब लिहिलेला असतो. घरगुती पद्धतीच्या हीटरवर तो ३० मिलिबारच्या आसपास असतो. काही ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारे हीटर) मुळातच जास्त दाबावर चालायला बनवलेले असतात, त्यांना तोच लागतो. म्हणून पट्टी वाचल्याशिवाय रेग्युलेटर बदलू देऊ नका.

खर्च वजनकाट्यावर कळतो. ४.२ किलोवॉटच्या हीटरला ताशी ३०० ग्रॅम गॅस लागतो. संध्याकाळी टाकी वजन करा, बारा तासांनी पुन्हा करा. ३.६ किलोच्या आसपास फरक बरोबर. वर सांगितलेल्या शेडमध्ये पाच रात्री पुरायला हवी ती टाकी दोन रात्रींत गेली, म्हणजे तो दर रात्री पाच किलोहून जास्त गॅस उगाच जाळत होता.

डोकेदुखीकडे परत येऊ, कारण तिथे उशीर परवडत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. गॅसचा जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. जळालेल्या हवेत तो राहत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं, आणि बाहेर आल्यावर बरं वाटणं ही खूण. कोरोनात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे लावून 'अठ्ठ्याण्णव दाखवायलाय' म्हणून निर्धास्त होऊ नका. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनचंच समजून मोजतो. माणसाला आधी उघड्यावर आणा, टाकी बंद करा आणि थेट दवाखान्यात न्या. डॉक्टरांना 'बंद जागेत गॅसचा हीटर चालू होता' हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे ऑक्सिजन लगेच सुरू होतो. आणि मुळात हीटर चालू असलेल्या बंद शेडमध्ये गड्याला झोपायला लावायचंच नाही.

दुरुस्तीला देताना थर्मोकपलच्या नटावर, जेटवर आणि व्हॉल्व्हच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. भाग बदलला असं सांगितलं तर जुना भाग हातात मागा. देत नसेल तर तेवढे पैसे देऊ नका. नंबर मोबाईलवर शोधून काढू नका, हीटरच्या पट्टीवरचा किंवा पुस्तिकेतला घ्या. बिलावर भागाचं नाव, तारीख आणि माणसाची सही हवी. ते असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आगाऊ पैसे ऑनलाइन घेऊन माणूस गायब झाला असेल तर १९३० वर लगेच फोन करा, तासांचा फरक पडतो. गळतीसाठी १९०६. गळती शोधायला साबणाचं पाणीच वापरा, काडी कधीही नाही.

त्या शेडमधल्या हीटरचं मॅग्नेट सुटं मिळत नाही, म्हणून आख्खा व्हॉल्व्ह, तिन्ही जेट आणि कलंडण्याचा स्विच नवे बसवावे लागणार आहेत. रेग्युलेटर परत लो प्रेशरचा. जुना थर्मोकपल मीटरवर २४ मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणजे तो बदलायची गरज आजही नाही. सामान येईपर्यंत हीटर टाकीपासून सोडवून बाजूला ठेवलाय, आणि पिल्लं गोल घेरात बल्बखाली आहेत.