जुनी ओमेगा: डागाळलेली घ्यावी की चकचकीत?

साठच्या दशकातलं ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ, ओमेगा सीमास्टर, आत ५६५ नंबरचं मशीन. समोर दोन नग आहेत. एकाची डायल पिवळट, सहाच्या आकड्यापाशी दोन-तीन ठिपके, केसवर ओरखडे. दुसरा लग्नात मिरवावा असा लखलखीत. हात आधी दुसऱ्याकडेच जातो. घ्यावा मात्र पहिला.

कारण दुसऱ्याची डायल बहुधा पुन्हा रंगवलेली असते. १० पट भिंग धरा आणि अगदी खालच्या कडेचं ‘स्विस मेड’ बघा. अशा रिडायलवर ही अक्षरं जाड, फुगीर, कधी एका बाजूला सरकलेली, कधी गायबच. मिनिटांच्या बारीक रेघा धातूच्या खुणांच्या बरोबर मध्ये येत नाहीत. तारखेच्या खिडकीच्या काठाला रंग साचलेला दिसतो. काट्यांत चमकणारा मसाला आहे आणि डायलवर नाही, तर जोडी जुळवलेली समजा.

केसचंही तेच. बफ मारला की पट्टा अडकतो त्या चार पायांच्या धारा गोल होतात, मागच्या झाकणावरचा समुद्री घोडा सपाट होतो. सोन्याचं पाणी असेल तर कोपऱ्यांतून खालचा धातू डोकावतो. ओरखडे पुढे कधीही काढता येतात, गेलेला धातू परत येत नाही.

डागाळलेल्या नगाला एक अपवाद: डायलचा रंग फुगून पापुद्रे सुटत असतील तर सोडा. ते मशीनमध्ये पडतात आणि घड्याळ थांबतं. तसंच चावीच्या दांडीला गंज असेल तर घाम आत गेलाय.

मशीनमध्ये दोघांना एकच माप. झाकण उघडून नंबर वाचा, पूर्ण चावी देऊन टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवा. ताशी १९,८०० ठोके, लिफ्ट अँगल (यंत्रात भरायचा त्या मशीनचा कोन) ४९ अंश. तो ५२ वर राहिला असेल तर अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सच्या चाकाचा झोका, फुगवून दिसतं, त्यावर भुलू नका. डायल वर करून ते २५० अंशांच्या पुढे असेल तर बरं. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. चावी पूर्ण ओढली की तारीख उडी मारून बदलते, तेही करून बघा.

घेतल्यावर कारागिराला चिठ्ठीवर लिहून द्या: बफ नको, डायलला हात नको, काढलेले पार्ट परत. काच ॲक्रिलिकची. बारीक चरे मेटल पॉलिशने कापसावर गोल घासून जातात, केसला आधी टेप लावा. मूळ काचेच्या मध्यावर सुईच्या टोकाएवढी ओमेगाची खूण असते, म्हणून तडा असेल तरच बदला.

साताऱ्याच्या पावसात चामडी पट्टा कुजतो. जूनपासून नायलॉनचा घाला, रुंदी बहुतेकदा १८ मिमी. रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. सांगलीत हळदीच्या वखारीत वावर असेल तर घड्याळ घालूच नका: पिवळी भुकटी चावीच्या मुळाशी बसते आणि चावी ओढताना रबरी वायसर झिजवते. तो वायसर दर सर्व्हिसिंगला नवा टाका, तरीही नळाखाली हात धुताना घड्याळ काढून ठेवा.