सिअ‍ॅटल क्रॅकनचं सीझन तिकीट : पूर्ण मोसम वापरल्यानंतरचा अनुभव

२०२४-२५ च्या मोसमात आम्ही क्रॅकन या इथल्या आइस हॉकी संघाची दोन सीझन तिकिटं (घरच्या सगळ्या सामन्यांची) घेतली होती. जागा वरच्या मजल्यावर, गोलच्या मागे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये तेव्हा प्रत्येक संघाचे घरचे ४१ सामने व्हायचे, ऑक्टोबर ते एप्रिल, आणि त्यातले बरेचसे कामाच्या दिवशी संध्याकाळी. त्या मोसमात संघाने ८२ पैकी ३५ सामने जिंकले आणि प्लेऑफ हुकली. तरीही पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणतो. त्याचं कारण सांगायचं तर हा संघ कसा उभा राहिला तिथपासून सुरुवात करायला हवी.

क्रॅकन हा लीगचा ३२ वा संघ. प्रवेशासाठी मालकांनी ६५ कोटी डॉलर मोजले, २०१७ मध्ये आलेल्या लास वेगसच्या संघाने ५० कोटी. एवढे पैसे भरून खेळाडू मिळतात ते एक्सपान्शन ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या संघाने जुन्या संघांतून खेळाडू निवडायचे. २१ जुलै २०२१ ला वेगस सोडून उरलेल्या ३० संघांकडून प्रत्येकी एक खेळाडू सिअ‍ॅटलने उचलला. पण प्रत्येक संघाला ७ फॉरवर्ड, ३ बचावपटू आणि १ गोलरक्षक राखून ठेवायची मुभा होती, नाहीतर कोणतेही ८ स्केटर (फॉरवर्ड किंवा बचावपटू) आणि १ गोलरक्षक. व्यावसायिक हॉकीत पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरांना तर हातही लावायचा नव्हता. म्हणजे तारे गेले, उद्याचे तारेही गेले. राहिलेल्यांतून निदान १४ फॉरवर्ड, ९ बचावपटू आणि ३ गोलरक्षक निवडायचे, तेही पगाराच्या मर्यादेत बसवून.

वेगसने असल्याच नियमांत कमाल केली होती. आपला लाडका खेळाडू जाईल या धास्तीने बाकीचे संघच ‘त्याला सोडा, बदल्यात हा घ्या’ म्हणत त्यांच्या दारी आले. अ‍ॅनाहाइमने शे थिओडोर दिला, मिनेसोटाने अ‍ॅलेक्स टक दिला. कोलंबसकडून तर विल्यम कार्लसन आला आणि वर नव्या खेळाडूंच्या वार्षिक ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीतल्या निवडीचा हक्कही. त्या कार्लसनने पहिल्याच मोसमात ४३ गोल मारले, संघ अंतिम फेरीत गेला आणि २०२३ मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. सिअ‍ॅटलची पाळी येईपर्यंत सगळे व्यवस्थापक सावध झाले होते. ड्राफ्टच्या दिवशी तसला एकही सौदा जाहीर झाला नाही. मॉन्ट्रियलने कॅरी प्राइससारखा मोठा गोलरक्षक मोकळा ठेवला होता, पण क्रॅकनचे तेव्हाचे व्यवस्थापक रॉन फ्रान्सिस यांनी त्यालाही हात लावला नाही. त्याचा वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलरचा करार अजून पाच वर्षं चालणार होता. तेव्हा बरीच ओरड झाली. प्राइस त्यानंतर फक्त ५ सामने खेळू शकला.

पहिल्या मोसमात ६० गुण आले, आणि तुलना वेगसशी, त्यामुळे टीका व्हायचीच. दुसऱ्या मोसमात मात्र १०० गुण, आणि प्लेऑफमध्ये गतविजेत्या कोलोराडोला सात सामन्यांत घरी पाठवलं. एकही महातारा नसलेल्या संघाने हे केलं, कारण चारही फळ्या (एकत्र खेळणाऱ्या तीन-तीन फॉरवर्डच्या) गोल करत होत्या. वरच्या मजल्यावरून हे फार छान दिसतं. हॉकीत फळी साधारण पाऊण मिनिटात बदलते. टीव्हीवर कॅमेरा पकच्या, म्हणजे खेळातल्या चकतीच्या, मागे पळतो आणि ही अदलाबदल हरवते. वरून बघताना तिसरी फळी दमलेल्या विरुद्ध संघाला कशी कोंडीत पकडते ते समजतं. म्हणून वरच्या, गोलमागच्या जागा मी आवर्जून सुचवेन. स्वस्तही पडतात.

आता चाहत्यांचं. संघ मंजूर व्हायच्या आधी, १ मार्च २०१८ ला सीझन तिकिटांसाठी अनामत रक्कम घ्यायला सुरुवात झाली आणि १२ मिनिटांत १० हजार लोकांनी पैसे भरले. म्हणून ३२ क्रमांकाची जर्सी इथे चाहत्यांच्या नावे कायमची निवृत्त केलेली आहे. पण आमच्यासारख्यांचं काय? बेलव्ह्यू-रेडमंड या उपनगरांच्या पट्ट्यात कितीतरी मराठी घरं आहेत, आणि आमच्या पिढीला हॉकी म्हणजे हिरव्या मैदानावरची. आमचं घर या खेळात ओढलं गेलं ते नॉर्थगेटच्या आइसप्लेक्समुळे. तीन रिंक आहेत, संघाचा सराव तिथेच होतो आणि बाजूच्या बर्फावर मुलं स्केटिंग शिकतात. माझी मुलगी तिथे शिकली, मग तिला सामने हवेसे वाटू लागले, मग आम्हाला. तिथून लाइट रेलने वेस्टलेक, पुढे मोनोरेलने थेट अरीनाच्या दाराशी. सामन्याच्या तिकिटावर सार्वजनिक वाहतूक फुकट असते, त्यामुळे पार्किंगचा प्रश्नच येत नाही. २०२४ पासून स्थानिक प्रक्षेपण साध्या अँटेनावरही दिसतं. नव्या घरांपर्यंत खेळ पोचवायला हा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुण्याच्या माणसाला हे जास्तच जाणवतं. पुणे वॉरियर्स २०११ ला आले आणि २०१३ नंतर गेले. रायझिंग पुणे तर दोनच वर्षांचा पाहुणा, त्यातही २०१७ चा अंतिम सामना मुंबईशी एका धावेने हरला. जीव लावायला लागावं तोवर संघच नाहीसा. इथे निदान पाया खोल घातलाय. अरीनाचं १९६२ चं छप्पर तसंच ठेवून खाली नवी वास्तू बांधली, आणि त्या छपरावरचं पावसाचं पाणी बर्फासाठी वापरतात.

मोसमातला सगळ्यात जड काळ मार्च २०२५ चा. फॉरवर्ड यानी गूर्द टँपाच्या संघात गेला, सोबत ऑलिव्हर ब्योर्कस्ट्रँड. ब्रँडन टॅनेव्ह विनिपेगला गेला. गूर्द आणि टॅनेव्ह दोघेही मूळच्या ३० पैकी. घरात एक दिवस सगळे गप्प होते. टँपाकडून वार्षिक ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे दोन हक्क मिळाले, त्यामुळे व्यवहार म्हणून सौदा उत्तमच होता. पण नव्या संघाचे पहिले खेळाडू जातात तेव्हा चाहत्याला हिशेब सांगून भागत नाही. सुदैवाने जोई डॅकॉर्ड आहे. ओटावाने वार्षिक ड्राफ्टच्या सातव्या फेरीत घेतलेला, एक्सपान्शन ड्राफ्टमध्ये कुणाच्या फारसा नजरेत न भरलेला हा गोलरक्षक. २०२४ च्या पहिल्या दिवशी विंटर क्लासिक या उघड्यावर होणाऱ्या वार्षिक सामन्यात त्याने वेगसला ३-० असं शून्यावर रोखलं, त्या सामन्याच्या इतिहासात पहिल्यांदाच. हल्ली तोच पहिला गोलरक्षक आहे.

कमतरता एकच, पण मोठी: हुकमी गोल मारणारा नाही. मॅटी बेनियर्स आणि शेन राइट हे दोघे वार्षिक ड्राफ्टच्या वरच्या निवडीतले. त्यांच्यापैकी एकाने तरी ती जागा घेतल्याशिवाय हा संघ मधल्या पट्टीतच अडकून राहील.

घ्यावं का? दर आठवड्याला एखाद-दोन संध्याकाळी मोकळ्या असतील आणि दुसऱ्या एका घराशी सामने वाटून घेता येत असतील तर नक्की घ्या. मुलं लहान असतील तर आधी आइसप्लेक्सचा शिकाऊ वर्ग लावा, तिकिटाचं नंतर बघा. जाड जॅकेट मात्र दर वेळी लागतंच. आम्ही पुढच्या मोसमासाठी त्याच जागा पुन्हा घेतल्या आहेत.