खळीचं बटरक्रीम: नागपूरच्या थंडीत, मे महिन्यात आणि आता पावसात वापरून

गेल्या दिवाळीपासून केकसाठी बाजारची व्हिप क्रीम आणणं मी बंद केलं आणि घरीच बटरक्रीम, म्हणजे लोणी फेटून केलेलं केकवरचं आयसिंग, करायला लागले. आता पाऊस लागलाय. म्हणजे नागपूरची थंडी, मे महिन्यातलं ऊन आणि आत्ताची चिकचिक, सगळ्यात ते करून, लावून, खाऊन झालंय. निकाल आधीच सांगते: आपल्या घरांसाठी मैदा-दूध शिजवून केलेलं बटरक्रीम सगळ्यात चांगलं. बेकिंगवाले त्याला अर्मिन (ermine) म्हणतात. आमच्या घरी ते खळीचं क्रीम, कारण मैदा, साखर आणि दूध शिजवून आधी चक्क खळ करायची असते.

बाजारची व्हिप क्रीम वाईट म्हणून सोडली नाही. ती पांढरीशुभ्र असते, पटकन फुलते, स्वस्त पडते आणि उन्हातही बऱ्यापैकी तग धरते. पण आपल्याकडे केकवर सर्रास लावतात ती बहुतेक बिनदुधाची, वनस्पती तेलाची असते. खाल्ल्यावर टाळूला एक थर चिकटून राहतो आणि चवीत दूध कुठेच नसतं. घरी चांगली अंडी, चांगलं व्हॅनिला घालून केक करायचा आणि वर हे थापायचं, ते मला पटेनासं झालं.

बटरक्रीम म्हटलं की आपल्याकडे पुष्कळ जण नाक मुरडतात, त्यालाही कारण आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बेकरीच्या केकवर गुलाबी फुलं असायची, ती वनस्पती तुपात पिठीसाखर फेटून केलेली. दातांना साखर लागायची आणि ओठ तुपकट व्हायचे. ज्यांनी ते खाल्लंय त्यांना "लोण्याचं आयसिंग केलंय" म्हटलं की तेच आठवतं. खऱ्या लोण्याच्या आयसिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी तीन प्रकार आलटून पालटून केले. पहिलं अमेरिकन. लोणी आणि त्याच्या दुप्पट पिठीसाखर, फेटलं की झालं, गॅस पेटवायचीही गरज नाही. फुलं काढायला हे उत्तम, पाकळीची कड धारदार येते आणि थोड्या वेळात वरून कोरडी होते. पण एकूण वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश साखरच. लोण्यात पाणी इतकं कमी असतं की एवढी साखर त्यात पूर्ण विरघळत नाही, कितीही फेटा, जिभेवर कण लागतोच.

दुसरं स्विस मेरिंग्यू. अंड्याचं पांढरं आणि साखर उकळत्या पाण्याच्या भांड्यावर धरून ७१ अंशांपर्यंत तापवायचं, बोटांत चोळून साखर विरघळल्याची खात्री करायची, मग फेटून घट्ट फेस करायचा आणि त्यात लोणी थोडं थोडं घालायचं. चवीला आणि मऊपणाला याच्यासारखं दुसरं नाही, हे मोकळ्या मनाने सांगते. पण थर्मामीटर लागतो, पिवळे बलक उरतात, आणि मुख्य म्हणजे अंडं. श्रावणात, चतुर्थीला, सोसायटीतल्या अर्ध्या घरांत अंड्याचा केक चालत नाही. तिथे केक बिनअंड्याचा करून वर अंड्याचं क्रीम लावण्यात काय अर्थ?

म्हणून खळीचं. अमेरिकेत रेड व्हेल्व्हेट केकवर पूर्वी हेच लावत, क्रीम चीज नंतर आलं. माझं रोजचं प्रमाण असं: २५० मिली फुल क्रीम दूध, २०० ग्रॅम साधी साखर, ४० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, चिमूटभर मीठ, चमचाभर व्हॅनिला. सात इंची दोन थरांच्या केकला आतून-बाहेरून पुरतं. साखर एकूण वजनाच्या पाव हिश्शाहून थोडीच जास्त, शिवाय ती दुधात आधीच पूर्ण विरघळलेली. सासूबाईंनी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा म्हणाल्या, "अगं, हे घशाशी येत नाही. अजून दे थोडं."

मैदा आणि साखर कोरडीच एकत्र करा, साखरेचे कण मैद्याला सुटं ठेवतात आणि गुठळी होत नाही. मग दूध थोडं थोडं घाला. मध्यम आचेवर ढवळत राहा, तळ सोडू नका. आधी काहीच होत नाही असं वाटतं, मग एकदम घट्ट व्हायला लागतं आणि जड बुडबुडे फुटतात. तिथे गॅस बंद करायचा मोह होतो. करू नका. बुडबुडे आल्यावर आणखी दीड-दोन मिनिटं शिजू द्या, नाहीतर कच्च्या मैद्याची चव क्रीममध्ये शेवटपर्यंत राहते आणि कुठलंही व्हॅनिला ती झाकत नाही. चमच्याने तळाशी रेघ ओढली की ती लगेच मिटता कामा नये. गाळणीतून काढा, आणि वर साय धरू नये म्हणून क्लिंग फिल्म थेट खळीला टेकवून लावा.

आता थांबायचं. खळ पूर्ण गार झाल्याशिवाय लोण्याजवळ न्यायची नाही. भांड्याच्या बुडाला तळहात लावला तर किंचितही ऊब लागता कामा नये. तोवर लोणी बाहेर काढून ठेवा. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोटाला तूप लागू नये. थर्मामीटर असेल तर २० अंशांच्या आसपास. लोणी एकटंच पाच-सात मिनिटं फेटा, पिवळेपणा जाऊन ते फिकट आणि फुललेलं दिसायला लागतं. मग खळ चमचा-चमचा.

निम्मी खळ गेली की क्रीम फाटल्यासारखं दिसू शकतं, कडेला पाण्याचा ओलावाही दिसतो. फेकून देऊ नका. बहुतेक वेळा लोणी किंवा खळ जास्त गार असते, एवढंच. भांड्याला बाहेरून गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन गुंडाळा आणि फेटत राहा. बीटरचा आवाज बदलतो, आधी चपचप, मग भारी आणि एकसारखा. त्याच वेळी क्रीम जुळून येतं आणि पात्याला धरून राहतं. उलट झालं, म्हणजे पातळ पळीवाढं झालं, तर पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये आणि पुन्हा फेटणं. साध्या हँड बीटरवर हे सगळं होतं, फक्त मधेमधे मोटारीला विसावा द्या. स्टँड मिक्सर असला तर हात मोकळे राहतात, चवीत फरक पडत नाही.

लोण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळं ठरतं. पिवळं खारं टेबल बटर या क्रीमला चालत नाही. त्यात ३ टक्क्यांपर्यंत मीठ असू शकतं, म्हणजे २५० ग्रॅममध्ये साडेसात ग्रॅमपर्यंत. शिवाय रंग. अमूलचं बिनमिठाचं लोणी ५०० ग्रॅमच्या पॅकमध्ये मिळतं, मी तेच वापरते. ते फिकट असतं, फेटल्यावर बऱ्यापैकी पांढरं दिसतं. खर्चाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून लोण्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा हातभार लागला. तरी व्हिप क्रीमपेक्षा हे महागच पडतं. लोणी कमी करून पैसे वाचवू नका, क्रीम खळीकडे झुकतं आणि चिकट लागतं.

घरच्या लोण्याचं काय, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. होतं, पण अटी आहेत. विरजण लावलेल्या सायीच्या लोण्याला आंबूस वास राहतोच आणि त्यात ताकाचं पाणी अडकलेलं असतं. तेच पाणी नंतर केकच्या कडेने सुटतं. म्हणून गोड सायीचंच लोणी काढायचं, बर्फाच्या पाण्यात निवळ पाणी येईपर्यंत धुवायचं, मलमलच्या कापडात घट्ट पिळायचं आणि त्याच दिवशी वापरायचं. म्हशीच्या दुधाचं असेल तर रंगाला तोड नाही, बाजारचं कुठलंही लोणी इतकं पांढरं नसतं. संध्याकाळी कापायच्या केकला मी ते आनंदाने वापरते. दोन दिवस ठेवायच्या केकला नाही.

आता मे महिना. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि आमच्याकडे बाहेर ४५ असतात. यावर युक्ती नाही, हे आधीच मान्य करा. एसी असलेली खोली असेल तर तिथे किंवा पहाटे स्वयंपाकघर जरा निवलेलं असताना करा. लोणी १८ अंशांच्या आसपासच घ्या, खळ फ्रीजमधून थेट. काही जण थोडं लोणी काढून वनस्पती तूप घालतात, त्याने क्रीम उभं राहतं, पण ज्यासाठी हा खटाटोप केला ती चवच जाते. त्यापेक्षा १०० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून, गार करून शेवटी घाला. फ्रीजमध्ये ते छान आवळतं आणि क्रीमला आधार देतं. पण गच्चीवर, मांडवात, एसी नसलेल्या हॉलमध्ये मे महिन्याचा वाढदिवस असेल तर कुठल्याच बटरक्रीमच्या भरवशावर राहू नका. साधा केक करा, वर पिठीसाखर भुरभुरा.

विदर्भातल्या मंडळींना कूलरबद्दल खास सांगायचंय. कूलर खोली गार करतो पण हवा ओली करतो. फ्रीजमधून काढलेला केक कूलरसमोर ठेवला की दोन-चार मिनिटांत त्यावर घाम येतो, रंग ओघळतात आणि अक्षरं पसरतात. केक कूलरच्या झोतापासून दूर ठेवा. पावसाळ्यातही हेच. केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यातच बाहेर काढा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावर झाकण उघडा. दव खोक्यावर धरतं, क्रीमवर नाही.

मात्र फ्रीजमधला थंडगार केक तसाच कापूनही देऊ नका. लोणी आवळलेलं असतं, तोंडात मेणासारखं लागतं आणि लोक म्हणतात बटरक्रीम जड असतं. अर्धा-पाऊण तास बाहेर राहिलेला केक आणि लगेच कापलेला केक एकदा शेजारी शेजारी ठेवून खाऊन बघा.

रंगांसाठी जेलच, म्हणजे घट्ट लगद्यासारखे रंगच घ्या, पाण्यासारखे पातळ रंग क्रीम सैल करतात. लोण्यात पिवळी झाक असल्याने निळा घातला की हिरवट दिसतो. आधी काडीच्या टोकावर येईल एवढा जांभळा घालून पिवळेपणा मारायचा, मग निळा. गडद लाल-काळ्याच्या मागे लागू नका. रंग घालून रात्रभर ठेवला की तो आपोआप एक-दोन छटा गडद होतो. नोझलचं, म्हणजे क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावतात त्या नळीचं, म्हणाल तर स्टार नोझलचे गोल, शंख, कडेची वेल छान येते. बारीक पाकळ्यांची गुलाबं मात्र खळीच्या क्रीममध्ये मऊ पडतात. फुलंच करायची असतील तर तेवढ्यापुरतं अमेरिकन करा, एका केकवर दोन्ही सुखाने नांदतात.

चवींमध्ये माझी सगळ्यात लाडकी संत्र्याची, आणि ती नागपुरात राहून न करणं अशक्य. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, तेव्हापासून करत होते. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसता येत नाही. म्हणून अख्खं फळ हातात धरून, हलक्या हाताने, फक्त वरचा नारिंगी भाग किसा, पांढरा आला की कडू होतं. हा कीस साखरेत बोटांनी चोळा. सालीतलं तेल साखरेत उतरतं, साखर ओलसर होते आणि घरभर वास सुटतो. मग हीच साखर मैद्यात घालून खळ शिजवायची. रस दुधात घालायचा नाही, दूध नासतं. अगदी शेवटी, फेटून झालेल्या क्रीममध्ये एखादा चमचा चालतो, जास्त नाही.

आंब्याचंही तसंच, आमरस कच्चा घातला तर क्रीम पाणी सोडतं. आधी कढईत आटवून, चमच्यावरून पडणार नाही इतका घट्ट करून, पूर्ण गार झाल्यावर घाला. कॉफी असेल तर इन्स्टंट कॉफी चमचाभर गरम पाण्यात विरघळवून. कोको मात्र मैद्याबरोबरच शिजवा, चव खुलते. वेलचीची पूड ताजी कुटलेली हवी आणि चाळलेली, नाहीतर नोझलमध्ये अडकते.

यात शिजवलेलं दूध आहे, त्यामुळे दिवसभर ओट्यावर ठेवायचा हा प्रकार नाही. फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात मी चार-पाच दिवस ठेवते, फ्रीजरमध्ये महिनाभर. डबा घट्टच हवा, लोणी शेजारच्या कांद्या-लसणाचा वास लगेच धरतं. फ्रीजरमधलं क्रीम आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढा, सकाळी बाहेर, आणि बोट दाबून खळगा पडेल इतकं मऊ झाल्यावरच बीटर लावा. गार असतानाच फेटायला घेतलं तर पुन्हा फाटतं. तसं झालं तर दोन चमचे क्रीम वाटीत काढून वितळवा आणि धार धरून परत त्यात सोडा, मिनिटभरात जुळून येतं.