बसवताना गोड, काढताना रडवणारं: एका डेब पॅकेजचा काही महिन्यांचा अनुभव

लेबल छापण्याचं हे सॉफ्टवेअर डेब पॅकेज (डेबियन या लिनक्सची इन्स्टॉल-फाइल) म्हणून येतं आणि ऑफिसच्या डेबियन मशिनांवर काही महिने चालू आहे. छपाई ठीक, वेग ठीक, त्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते त्याच्या पोस्टआरएमबद्दल, म्हणजे पॅकेज काढताना किंवा अपग्रेड करताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टबद्दल.

एक जुनं मशिन मोकळं करताना पॅकेज काढायला घेतलं, तर ते मध्येच अडकलं. एरर एकच: यूएसआर-शेअर फोल्डरमधली पॅकेजची कॉमन फाइल उघडता येत नाही. स्क्रिप्टा उघडून बघितल्या. पोस्टइन्स्ट (बसवल्यावर चालणारी), प्रीआरएम (काढण्याआधीची) आणि पोस्टआरएम, तिन्हींत पहिल्याच ओळीला डॉट (दुसरी फाइल आत वाचून घेणारी शेलची आज्ञा) देऊन तीच एक शेल फाइल ओढलेली. खरं सांगतो, आधी कौतुकच वाटलं. तेच फंक्शन तीन ठिकाणी चिकटवलेलं दिसलं की माझ्या डोक्यात जातं.

पण पॅकेज काढताना पोस्टआरएम चालतो तो पॅकेजच्या फाइली पुसल्यावर. म्हणजे ती कॉमन फाइल आधीच गेलेली! अपग्रेडच्या वेळी जुना पोस्टआरएम नव्या फाइली उलगडल्यानंतर चालतो, तेव्हा फाइल जागेवर असते. म्हणून इतके महिने कुणाला पत्ता नाही.

सपोर्टचं पहिलं उत्तर, ‘ओएस नव्याने टाका.’ भांडल्यावर दुरुस्ती आली: त्याच ओळीपुढे ‘ऑर ट्रू’ (आधीची आज्ञा फसली तरी पुढे जा). तरी तेच. डॉट हा पॉझिक्स मानकातला स्पेशल बिल्टइन, म्हणजे जिची चूक अख्खी स्क्रिप्ट थांबवू शकते अशी शेलची अंगभूत आज्ञा. फाइल नसेल तर डॅश हा शेल तिथेच स्क्रिप्ट सोडून देतो, ‘ऑर ट्रू’पर्यंत पोचतच नाही. बॅश हा दुसरा शेल नेहमीच्या मोडमध्ये पुढे जातो, आणि यांनी बॅशवर तपासलेलं. डेबियनचा एसएच (स्क्रिप्टा चालवणारा ठरलेला शेल) २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून डॅश आहे हो! शेवटी डीपीकेजीच्या (पॅकेज बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम) इन्फो फोल्डरमधल्या पोस्टआरएममधून ती ओळ मीच उडवली, मग पॅकेज निघालं.

त्यानंतर माझं मत बदललं. काटकसर सोर्समध्ये करावी, ग्राहकाच्या डिस्कवर नाही. आमच्या घरगुती पॅकेजात आता फंक्शनं एका फाइलीत आहेत आणि बिल्डच्या वेळी सेड (मजकूर बदलणारं साधन) ती प्रत्येक स्क्रिप्टमध्ये भरतो. डेब पॅकेज बनवायचं साधन डेबहेल्परही स्वतःचे तुकडे असेच आत घालतो. नक्कल होते, पण काही किलोबाइटांचीच. डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर (अशा स्क्रिप्टांना मदत करणारा प्रोग्रॅम) मात्र बाहेरून बोलावला तरी चालतो, कारण तो डीपीकेजीतच येतो आणि डीपीकेजी इसेन्शियल आहे, म्हणजे सिस्टिमवर कायम असणारच.

व्हेंडरच्या नव्या आवृत्तीत फाइल असेल तरच ती ओढतात. पॅकेज आता निघतं, पण फाइल नसल्याने साफसफाईचं फंक्शनही नाही. पर्ज (सेटिंगांसकट पूर्ण काढणं) केलं तरी लॉग तसेच पडून राहतात आणि मी हाताने पुसतो. एएमसी यंदाची भरलीय, पुढच्या वर्षीचं बघू.