'दोन दिवसांत बीएसएल-३ सर्टिफाइड' करून देणाऱ्यांपासून सावध

मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा डीएमएलटी करून पुण्या-हैदराबादच्या लस कंपन्यांत नोकरी शोधणाऱ्यांसाठी हे लिहितेय. "दोन दिवसांत बीएसएल-३ सर्टिफाइड प्रोफेशनल व्हा" अशी जाहिरात दिसली, तर पैसे भरायच्या आधी एवढं वाचा. (बीएसएल-३ म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल ३, हवेतून पसरू शकणाऱ्या घातक जंतूंवर काम करायच्या प्रयोगशाळेची सुरक्षा-पातळी.) माझे साडेअठरा हजार गेलेत.

पैसे एकदम मागत नाहीत. आधी १,४९९ रुपये नोंदणी, तीही म्हणे "रिफंडेबल". मग रोज फोन. बोलणारी मुलगी साखरेसारखी गोड: "मॅडम, तुमची सीट होल्ड करून ठेवलीय, पण रात्री बारानंतर माझ्या हातात काही नाही." मग प्रात्यक्षिकाचे ९,५००. वर्ग झाल्यावर 'इंटरनॅशनल अटेस्टेशन'चे आणखी ७,५००, आणि ते भरल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. म्हणजे हे शेवटचे दिले नाहीत तर आधीचे बुडाले. सगळे पैसे एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या कागदावर जीएसटी क्रमांकच नाही.

वर्ग पुण्यात, दुकानांच्या वरच्या भाड्याच्या हॉलमध्ये. लातूर, जळगावहून रात्रीच्या एसटीने आलेली पोरं होती. एकाने तर भावाकडून उसने घेऊन फी भरली होती. समोर टेबलावर 'बायोसेफ्टी कॅबिनेट', म्हणजे जंतूंवर काम करताना माणसाला वाचवणारी पेटी. ते कॅबिनेट नव्हतंच, आडव्या प्रवाहाचं साधं लॅमिनार होतं. कॉलेजात टिश्यू कल्चरला वापरतात ते. त्यात गाळलेली हवा मागून येते आणि थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. नमुना स्वच्छ राहतो, पण नमुन्यात जंतू असतील तर ते तुमच्या नाकात. खऱ्या, क्लास टू प्रकारच्या बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये पुढच्या जाळीतून हवा आत ओढली जाते आणि जंतू अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून बाहेर पडते, म्हणून माणूस वाचतो. बायोसेफ्टी शिकवणाऱ्याला हाच फरक माहीत नसेल तर पुढे काय शिकवणार?

पुढेही तसंच. सांडलेल्या नमुन्यावर सरांनी हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा फवारा मारून दाखवला. अहो, फवाऱ्याने थेंब उडतात! आधी टिश्यू पेपरने झाकायचं, मग कडेकडून आत असं द्रावण ओतायचं आणि ठरलेला वेळ थांबायचं, हे आमच्या साध्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या मामांनाही पाठ आहे. ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात पाकिटावर लावायची टेप काळी झाली की माल निर्जंतुक, असंही ठोकून दिलं. टेप फक्त एवढंच सांगते की पाकीट तापलं. जंतू खरंच मेले का, ते जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णतेला चिवट जिवाणूच्या स्पोअर टेस्टने कळतं. मी विचारलं तर "प्रश्न शेवटी घेऊ". शेवटी ग्रुप फोटो घेतला. परीक्षा गूगल फॉर्मवर, सगळे 'ए प्लस'.

सर्टिफिकेट मात्र देखणं. सोनेरी कडा, पृथ्वीचा गोल, क्यूआर कोड आणि खाली शिक्क्यांची रांग. क्यूआर त्यांच्याच वेबसाइटवर जातो, म्हणजे चोराने चोराला जामीन. 'आयएसओ ९००१:२०१५' म्हणजे कार्यालयाच्या व्यवस्थापन पद्धतीचा कागद, अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध नाही. 'एमएसएमई, भारत सरकार' ही उद्यम नोंदणी, ती कुणीही घरबसल्या, फुकट, स्वयंघोषणेवर करतो. एनएबीएल मान्यता देतं ती प्रयोगशाळांना, असल्या क्लासेसना नव्हे. डब्ल्यूएचओचं बोधचिन्ह तर परवानगीशिवाय वापरताच येत नाही. वर डब्ल्यूएचओचेच ऑनलाइन कोर्स मोफत असतात.

भांडं फुटलं ते मुलाखतीत. कंपनीच्या बायोसेफ्टी अधिकारी बाईंनी कागद बघून शांतपणे विचारलं, "बीएसएल-३ लॅबच्या आत किती तास काम केलंत? कुणाच्या देखरेखीखाली? कुठल्या मास्कची फिट टेस्ट, म्हणजे तो चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची तपासणी, झाली?" मग म्हणाल्या, "हे फाइलमधून काढून टाका. दुसरीकडे दाखवलंत तर तुमच्याबद्दलच शंका येईल."

त्यांनीच नंतर नीट समजावलं. बीएसएल-३ ही पातळी प्रयोगशाळेची असते. हवेचा ऋण दाब, फिल्टर, दुहेरी दारं अशा गोष्टी तपासून त्या जागेला प्रमाणपत्र मिळतं. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठीच आहेत. माणसाला तिथे तयार केलं जातं: त्याच प्रयोगशाळेत, तिथल्या कार्यपद्धती शिकवून, अनुभवी माणसाच्या नजरेखाली. तो अनुभवी माणूस "आता हा एकटा काम करू शकतो" अशी सही करतो ती त्या जागेपुरती. दुसऱ्या कंपनीत गेलात की पुन्हा शिकायचं. व्यक्तीला मिळणारी खरी प्रमाणपत्रंही आहेत, नाही असं नाही. आयएफबीए या बायोसेफ्टी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची परीक्षा असते. अमेरिकेतल्या एबीएसए इंटरनॅशनल या बायोसेफ्टी संघटनेची आरबीपी आणि सीबीएसपी ही प्रमाणपत्रं आहेत, त्यांत शिक्षण-अनुभवाचे कागद तपासतात, सीबीएसपीला परीक्षाही द्यावी लागते. कुणी यांचं नाव घेतलं तर त्याने दिलेल्या लिंकवर न जाता थेट त्या संस्थेच्या वेबसाइटवर जाऊन विचारा.

आता पैशांचं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. "वर्ग झालाय ना? मग ग्राहक मंचात जा," असं पोलिसांचं म्हणणं पडलं. म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगाचीही तयारी चालवलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे जुन्या बॅचवाल्यांनाही येता येईल. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲप चॅट काही डिलीट करू नका. त्यांनी माझ्याशी झालेल्या चॅटमधले त्यांचे मेसेज आधीच पुसलेत, पण मी ते एक्स्पोर्ट करून ठेवले होते.

दरम्यान क्लासचं नाव बदललंय. फोन नंबर तोच. नव्या जाहिरातीत 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून आमच्या बॅचचा ग्रुप फोटो आहे. मागे ते लॅमिनार दिसतं, आणि डावीकडून तिसरी मी आहे. मला अजून नोकरी लागलेली नाही.