कोडावर रंग भरून देतो म्हणाले आणि डाग वाढवून दिला

पैसे सहा सिटिंगचे, काम चार सिटिंगचं, आणि माझ्या मनगटावरचा २.५ सेंटिमीटरचा कोडाचा डाग आता ४.१ सेंटिमीटर. टॅटू स्टुडिओने ठरलेल्या रकमेपैकी ६० टक्के पहिल्या दिवशी घेतले, उरलेले ४० टक्के दुसऱ्या सिटिंगआधी, 'म्हणजे शाई एकाच बॅचची मागवता येते'. तो बॅच नंबर ना पावतीवर, ना बाटलीवर. परत मिळाले शून्य टक्के.

आगाऊ पैसे उकळण्याची तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. इथे कातडीच फसवली गेली आहे, म्हणून कातडीबद्दल लिहिते.

पांढऱ्या डागात भोवतालच्या त्वचेच्या रंगाची शाई सुईने भरायची, हा 'कॅमोफ्लाज टॅटू'. तंत्र मुळात खोटं नाही, हे आधीच सांगते, कारण 'एवढं कळत होतं तर बसलीस कशाला' म्हणणारे टपलेलेच असतात. त्वचारोगतज्ज्ञही हेच करतात, त्याला मायक्रोपिग्मेंटेशन म्हणतात, ओठांच्या कोडावर तर विशेष. गेलेला रंग परत येतो तो मुख्यतः केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींमधून. ओठांवर, बोटांच्या टोकांवर केसच नाहीत, मग मलम लावा, ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या उपचाराला, म्हणजे फोटोथेरपीला, आठवड्यातून दोनतीनदा महिनोन्‌महिने जा, डाग ढिम्म हलत नाही. मनगट आणि पंजाची पाठही तशीच हट्टी. असा कंटाळलेला पेशंट म्हणजे या लोकांचं हक्काचं गिऱ्हाईक. तेव्हा बसणारे सगळेच मूर्ख नसतात, एवढं ऐकून घ्या.

पण त्या तंत्राची एक अट असते, आणि ती विकताना कुणी सांगत नाही. आजार थांबलेला हवा. म्हणजे निदान एक वर्ष नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही, आणि खरचटलं, घासलं, भाजलं त्या जागी पांढरं पडलेलं नाही. या शेवटच्या प्रकाराला कोब्नरचं नाव आहे. हाइनरिख कोब्नर या जर्मन त्वचातज्ज्ञाने १८७० च्या दशकात सोरायसिसच्या रुग्णात पाहिलं की निरोगी कातडीला जिथे इजा होते तिथे तोच आजार उगवतो. त्या इजांमध्ये घोड्याचा चावा होता आणि गोंदणही होतं! कोड, सोरायसिस आणि खाजऱ्या जांभळट चट्ट्यांचा लायकेन प्लॅनस, तिन्हींत हे होतं. टॅटूची सुई एक ते दोन मिलिमीटर खोल, मिनिटाला शेकडो-हजारो वेळा शिरते. चालू आजारावर ती फिरवणं म्हणजे डागाला हाताला धरून पुढे नेणं.

आता तो क्षण. तो आठवला की आजही कानशिलं तापतात.

डागाच्या कडेबाहेर मोहरीएवढे पांढरे ठिपके होते. सतरा. मोजलेले होते. असे विखुरलेले बारीक ठिपके म्हणजे आजार आत्ता, या घडीला, पुढे सरकतो आहे. तज्ज्ञ त्यांना कॉन्फेटी ठिपके म्हणतात आणि ते दिसले की सुई खाली ठेवतात. समोरच्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "हेही कव्हर करून टाकू, फक्त एरिया वाढेल." दर चौरस सेंटिमीटरवर होता. म्हणजे आजार पळतोय याचा डोळ्यांसमोरचा पुरावा त्याने बिलात चढवला. आणि मी काय केलं? घासाघीस. त्याने ३ चौरस सेंटिमीटर वाढवले होते, ते मी २ वर आणले आणि मनात खूश झाले. कोब्नर हा शब्द माहीत होता, नडगीवरच्या खरचटल्याची रेघ दोन महिन्यांपूर्वी पांढरी पडली होती, तरीही.

शेड कुठली हवी, समारंभ कधी आहे, फोटो वापरायला परवानगी आहे का, सगळं विचारलं गेलं. 'शेवटचा नवा डाग कधी आला?' हे नाही. जो हे विचारत नाही त्याच्या खुर्चीतून उठा. दुसरी परीक्षा लागत नाही.

मग पॅच टेस्टचं नाटक. कानामागे शाईचा एक ठिपका, २४ तासांनी 'बघा, काही झालं नाही'. अहो, काय होणार २४ तासांत? शाईची ॲलर्जी महिन्यांनी, कधी वर्षांनीही उठते. कोब्नरचा डाग साधारण १० ते २० दिवसांनी दिसू लागतो, कधी त्याहून बराच उशिरा. चाचणी करायचीच तर ज्या डागावर काम व्हायचंय त्याच्याच कोपऱ्यात एक छोटा ठिपका आणि मग निदान दोन-तीन महिने थांबणं. पण दोन-तीन महिने थांबला तर त्याचे ४० टक्के अडकतात. म्हणूनच सिटिंगमधलं अंतर दोन आठवड्यांचं ठेवलं होतं. शाईचा खरा रंग कळायलाच चार ते सहा आठवडे लागतात, सूज आणि खपल्या जाईपर्यंत. दोन आठवड्यांत ना रंग कळतो ना कोब्नर, फक्त पैसे पुरे होतात.

रंगसुद्धा चुकवला. लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिरतेचं क्रीम लावलं की कातडी तात्पुरती फिकी पडते. शेड जुळवायची ती क्रीमआधी, उघड्या दिवसाच्या उजेडात. इथे ४५ मिनिटं क्रीम ठेवून, त्या फिकुटलेल्या कातडीशी, दिव्याखाली जुळवली. त्वचेच्या रंगाची शाई म्हणजे बहुतेक लोहाचे ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. ती जास्त खोल गेली तर निळसर-राखी दिसते. शिवाय उन्हाने भोवतालची कातडी काळवंडते, शाई आहे तिथेच राहते. शेड अगदी बरोबर जमली तरी ती एकाच ऋतूची.

चौथ्या सिटिंगपर्यंत मध्ये मातकट चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना ८-८ मिलिमीटरची शुभ्र कड. आधी साधा डाग होता, आता नेमबाजीच्या निशाणावर असतो तसा गोल.

'आजीवन गॅरंटी' दाखवली, तर संमतीपत्रातलं नववं कलम पुढे केलं: त्वचेच्या पूर्वीच्या आजारामुळे होणाऱ्या बदलांना स्टुडिओ जबाबदार नाही. कोड असलेल्यांसाठीच विकायची वस्तू, आणि गॅरंटी कोड नसलेल्यांना! वर 'करेक्शन'साठी लेझरची ऑफर. यात तरी फसले नाही. लोह आणि टायटॅनियमच्या फिकट शाया टॅटू काढायच्या क्यू-स्विच्ड लेझरने उडण्याऐवजी काळ्या पडू शकतात, आणि लेझर ही पुन्हा इजाच. टॅटू बिघडवणाऱ्याकडेच तो काढायला जाऊ नका, मग तो फुकट म्हणो.

तक्रारीचं काय विचारता. पोलीस म्हणाले, सही तुमची आहे, हा दिवाणी मामला. आरोग्य खात्याने सांगितलं, तो दवाखाना नाही, आमच्या अखत्यारीत येत नाही. डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्यांनी सांगितलं, तो डॉक्टर नाही, आमच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे डॉक्टर नसताना आजारावर सुई चालवली हीच त्याची ढाल! परवाना देणाऱ्यांनी फाइल उघडली, परवाना चोख. त्यांनी हात धुण्याचं बेसिन पाहिलं होतं, सुयांचा डबा पाहिला होता, आजारी कातडीवर काम होतं का हा रकानाच फॉर्ममध्ये नाही. ग्राहक तक्रारीसाठी तज्ज्ञाचं पत्र मागितलं. तज्ज्ञ तोंडाने म्हणतात 'हे टॅटूमुळेच', कागदावर लिहितात 'संबंध असण्याची शक्यता'. त्या 'शक्यता' शब्दावर अर्ज परत. पुन्हा नेला, तर मूळ डागाचा कामाआधीचा फोटो मोजपट्टीसह हवा म्हणाले. मोजपट्टीसह! कोण काढतं असा फोटो? तुम्ही काढा. आजच, तारखेसकट, प्रत्येक डागाचा. दर तीन महिन्यांनी पुन्हा. आजार थांबलाय की नाही हेही त्यातूनच कळतं.

डोळ्यांना थांबलेला वाटणारा डाग वुड्स लॅम्पखाली अनेकदा मोठा निघतो. साधारण ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, अंधाऱ्या खोलीत कोड त्यात निळसर पांढरं चमकतं. त्वचारोगतज्ज्ञाकडे पाच मिनिटांचं काम. ओठांवर करणार असाल आणि पूर्वी तापाचे फोड येऊन गेले असतील तर विषाणूविरोधी गोळी आधीच विचारून घ्या, सुईने ते पुन्हा उठतात. सोरायसिसवाल्यांनो, अंगावर एकही चट्टा नसला तरी कोब्नर होऊ शकतो. मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चालू असेल तर संसर्गाचा धोका वेगळा, आणि टॅटूसाठी औषध मनाने बंद करणं त्याहून वाईट. शाई पातळ करायला नळाचं पाणी घेताना दिसलं तर तिथेच थांबवा, त्यातून मायकोबॅक्टेरिया या चिवट जिवाणूंचे संसर्ग झालेले आहेत. 'एफडीए मान्य शाई' म्हणाले तर सरळ खोटं: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाने, त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगाला मान्यता दिलेली नाही.

आणि आधी-नंतरचे फोटो. 'नंतर'चा फोटो त्याच दिवशी, गोल दिव्याखाली काढलेला असतो. कडेला लालसर सूज दिसते का बघा, दिसली तर तो दहा मिनिटांनंतरचा आहे. सहा महिन्यांनंतरचा, खिडकीच्या उजेडातला मागा. माझ्या मनगटाचा पहिल्या सिटिंगचा फोटो त्यांच्या अल्बममध्ये अजून आहे, 'नंतर' या रकान्यात.