साधा फिटनेस बॅंड: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

दोन ते पाच हजारांतला साधा फिटनेस बॅंड दोन कामं बऱ्यापैकी करतो. दिवसभराची पावलं मोजतो आणि तुम्ही शांत बसलेले किंवा झोपलेले असताना नाडी सांगतो. खोक्यावर छापलेलं बाकीचं बरंचसं अंदाजपंचे असतं. हे दोन आकडे रोज बघून काहीतरी करणार असाल तर बॅंड घ्या. नसाल तर तेवढ्यात चांगले बूट येतात.

घेण्याआधी एक फुकटची चाचणी करून बघा. बहुतेक फोनमध्ये पावलं मोजायची सोय असते. दोन आठवडे फोन खिशात ठेवून चाला आणि हेल्थ ॲपमधला आकडा बघत राहा. खिशातला फोन मनगटावरच्या बॅंडपेक्षा वाईट मोजत नाही. दोन आठवड्यांत ते ॲप उघडावंसंच वाटलं नाही, तर बॅंडही महिन्या-दोन महिन्यांत ड्रॉवरमध्ये जाणार हे धरून चाला. खरी अडचण असते ती फोन अंगावर नसणाऱ्यांची. घरात फोन ओट्यावर, दुकानात गल्ल्याशेजारी, कारखान्यात लॉकरमध्ये, आणि साडीला खिसा नाही. दिवसाची निम्मी चाल फोनला कळतच नाही. बॅंडचे पैसे सगळ्यात जास्त याच लोकांचे वसूल होतात.

पावलं मोजायला आत ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर, असतो. त्याला पाय दिसत नाहीत, हाताचा झोका कळतो. लयीत सलग झोके आले की तो त्यांना चाल समजतो. स्वयंपाकघरात इकडे तीन पावलं, तिकडे चार असं चाललेलं त्यामुळे बरंच सुटतं. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, मॉलमधली ट्रॉली, बाबागाडी, वॉकर, किंवा हात पाठीमागे बांधून घातलेली शतपावली, या सगळ्यांत आकडा कमी येतो. उलट भजनात टाळ वाजवताना, कणीक तिंबताना किंवा खड्ड्यांतून दुचाकी चालवताना बसल्या जागी पावलं वाढतात. उपाय सोपे आहेत. ज्या हाताने कमी काम करता त्या हाताला बॅंड बांधा आणि ॲपमध्ये तोच हात निवडा. ट्रॉली ढकलायची असेल तर तेवढ्यापुरता बॅंड पॅंटच्या खिशात टाका. घेतल्या दिवशीच मनात मोजून 100 पावलं चाला: एकदा नेहमीच्या वेगाने, एकदा सावकाश, एकदा हातात पिशवी घेऊन. नेहमीच्या चालीत पाच-सात पावलांचा फरक चालेल. पंधरा-वीसचा आला तर बॅंड परत करा.

अंतराचं गणित वेगळं. साध्या बॅंडमध्ये जीपीएस सहसा नसतो. फोन सोबत नसेल तर तो तुमच्या उंचीवरून पावलाची लांबी काढतो, साधारण उंचीच्या 41 टक्के. उंची 160 सेंटीमीटर असेल तर पाऊल 66 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे 10,000 पावलांना साडेसहा किलोमीटर. उंची चुकीची भरली की अंतरही चुकलंच. खातरजमा करायला 400 मीटरच्या ट्रॅकवर सर्वांत आतल्या लेनमधून चार फेऱ्या मारा. 1.6 किलोमीटर यायला हवेत. ॲपमध्ये पावलाची लांबी बदलता येत असेल तर फरक तिथे दुरुस्त करा, नाहीतर फोन खिशात ठेवून त्याच्या जीपीएसवर चाल नोंदवा.

बॅंडमध्ये आधीच भरून आलेलं 10,000 पावलांचं लक्ष्य कोणा डॉक्टरने ठरवलेलं नाही. 1965 मध्ये जपानच्या यामासा कंपनीने विकायला काढलेल्या पेडोमीटरपासून, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्रापासून, हा आकडा चालत आला. 2019 मध्ये अमेरिकेत 16,741 महिलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांचं सरासरी वय 72 होतं. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. म्हणून पहिला आठवडा काहीच न बदलता नुसती सरासरी काढा आणि तिच्यात हजार मिळवून लक्ष्य ठेवा. रोज लाल रेघ बघून कंटाळण्यापेक्षा हे बरं.

आता नाडी. बॅंड उलटा केलात की हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला कातडीखालचं रक्त किंचित वाढतं-घटतं, आणि परत येणारा प्रकाश त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. त्यावरून ठोके मोजतात. म्हणजे बॅंड आणि कातडी यांच्यात फट पडली की सगळं गणित बिघडलं. मनगटाच्या हाडापासून कोपराच्या बाजूला एक बोट अंतर सोडून बांधा, व्यायामाला एक भोक घट्ट, नंतर सैल. बांगड्या बॅंडवर आपटून त्याला सरकवतात, तेव्हा एक तर दुसरा हात निवडा किंवा बॅंड बांगड्यांच्या वर चढवा. मनगटावर गडद टॅटू असेल तर आकडा नीट येत नाही. थंडीत हात गार पडले तरी तीच गत.

धावताना एक गंमत होते. बॅंड ठोके सोडून पावलांचीच लय पकडतो. मिनिटाला 165 पावलं पडत असली की नाडीही 165 दाखवतो, खरी 140 असली तरी. आकडा एकदम चढून तिथेच अडकला तर थांबा, दोन बोटांनी 30 सेकंद नाडी मोजा आणि दुप्पट करा. डंबेल्स, दंड, सायकलचं हॅंडल या सगळ्यांत मनगट वाकतं, म्हणून तिथल्या आकड्यावर विसंबू नका. जोरात-सावकाश असा व्यायाम करणाऱ्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो.

बॅंड बाटलीला गुंडाळून ‘बघा, बाटलीलाही नाडी’ असं दाखवणारे व्हिडिओ फिरत असतात. ती परीक्षा कामाची नाही, कारण चांगला सेन्सरही निर्जीव वस्तूवर अधूनमधून आकडा दाखवतो. खरी परीक्षा जिन्याची. बसलेले असताना आकडा बघा, तीन मजले चढा, लगेच बोटांनी मोजा आणि ताडून पाहा. नकली बॅंड 75 ते 85 च्या मध्येच घोटाळत राहतो.

रोजच्या एका आकड्यापेक्षा विश्रांतीच्या नाडीची आठवड्याची सरासरी उपयोगाची. ताप, अपुरी झोप, दारू यांनी ती वाढते, नियमित चालण्याने हळूहळू उतरते. व्यायाम हलका, मध्यम की जोराचा हे नाडीवरून ठरवायला अनेक ॲप 220 मधून वय वजा करून कमाल नाडी धरतात. 45 व्या वर्षी 175, आणि मध्यम व्यायाम त्याच्या 50 ते 70 टक्के, म्हणजे साधारण 88 ते 123. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद करणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर हे गणित लागू नाही, डॉक्टरांनाच विचारा.

कॅलरींचा आकडा सरळ सोडून द्या. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. सातपैकी सहांची नाडीतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरींत सगळ्यात बरं निघालेलं उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं, सगळ्यात वाईट 93 टक्के. बॅंड म्हणतो 400 जळल्या म्हणून दोन वडापाव खाणं महागात पडेल. वजनाचंही तसंच. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या 471 जणांच्या दोन वर्षांच्या प्रयोगात (2016) उपकरण वापरणाऱ्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, न वापरणाऱ्यांचं जवळपास सहा.

झोपेचे एकूण तास ठीक येतात. गाढ-हलकी ही वाटणी मात्र अंदाजाची, मेंदूच्या लहरी बॅंडला कळत नाहीत. आणि स्वस्त बॅंड रक्तदाब किंवा साखर सांगतो म्हणत असेल तर तो घेऊच नका. सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं-अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी 2024 मध्ये दिला आहे.

बाजारात गेलात की दीड हजारात मोठ्या चौकोनी पडद्याचं, फोनवर बोलता येणारं घड्याळ पुढे केलं जाईल. पैसा पडद्यात आणि स्पीकरमध्ये गेलेला असतो, रात्री हाताला जड होतं आणि कॉल वापरले की बॅटरी दोन-तीन दिवसांत बसते. सारखा चार्जिंगला काढावा लागणारा बॅंड पुन्हा हातात चढत नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी फिट 3 भारतात 2024 मध्ये 4,999 रुपयांना आला. बॅटरीचा दावा 13 दिवसांचा आहे, पण आयफोनला तो जोडता येत नाही. फिटबिट इन्स्पायर 3 अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींना जोडता येतो, फक्त ॲपमधल्या काही सोयींना वेगळी वर्गणी पडते. या दोन्ही बॅंडमध्ये जीपीएस नाही. दाव्यातले दिवस रात्रभराची नाडी आणि सतत उजळणारा पडदा चालू ठेवला की बरेच घटतात.

पाण्यात टिकण्याबद्दलची ‘5 एटीएम’ ही खूण म्हणजे पोहायला चालेल, पण गरम पाण्याची आंघोळ, वाफ आणि साबण रबराची सील खराब करतात. कोकणात समुद्रात उतरलात तर लगेच गोड्या पाण्याने धुवा.

ॲपमध्ये पावलं उशिरा येतात, मेसेज येत नाहीत, ही तक्रार बहुधा बॅंडची नसते, फोनची असते. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला पडद्यामागे चालू असलेलं ॲप बंद करतो. सेटिंग्ज, ॲप्स, बॅंडचं ॲप, बॅटरी असं जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा.

चार्ज होणं थांबलं तर आधी मागच्या दोन पिना बघा. घामाचं मीठ साचून त्या काळ्या-हिरव्या पडतात. कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या, मग चार्जर लावा. ओल्या बॅंडला चार्जर लावल्यानेच बहुतेक पिना जातात. चार्जर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून बॅंड घेतानाच जादा चार्जर आणि पट्टा सहज मिळतो का ते विचारून घ्या. पट्ट्याखाली पुरळ आलं तर दोन-तीन दिवस दुसऱ्या हाताला बांधा, पट्टा साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा. तरीही खाज राहिली तर सिलिकॉनऐवजी कापडी पट्टा लावा.